इंदूरला मोठा इनडोअर अरीना आणि कन्व्हेन्शन सेंटर हवंय का? (आणि आमच्या मंडळाला नोव्हेंबरात जागा कुठे मिळेल?)

रामबागवाला | शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. आज दिवसभर वणवण करून घरी आलो आणि म्हटलं आता टाकतोच धागा. आमच्या मंडळाला यंदा ५० वर्षं होऊन राहिलीत. कार्यकारिणीच्या बैठकीत चहा-कचोरीच्या भरात असं ठरलं की नोव्हेंबरात दोन दिवसांचा दणक्यात कार्यक्रम करायचा, सकाळी मुलांच्या बॅडमिंटन आणि टेबल टेनिसच्या मॅचेस, दुपारी जेवण, संध्याकाळी नाटक, दुसऱ्या दिवशी गाणं आणि ज्येष्ठांचा सत्कार, आणि सगळं एकाच छताखाली. हे 'एकाच छताखाली' आमच्या अध्यक्षांचं. छत शोधायचं काम अर्थात सेक्रेटरीचं, म्हणजे माझं.

तर आठ दिवसांत सात जागा बघितल्या. जिथे खेळता येतं तिथे नाटक ऐकू येत नाही, जिथे नाटक होतं तिथे खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या, जिथे दोन्ही होईल म्हणतात तिथे लग्नांचं बुकिंग आधीच फुल, आणि एका ठिकाणी भाडं ऐकून मी मॅनेजरला म्हटलं, भिया, हॉल भाड्याने पाहिजे, विकत नाही.

२०२३ च्या जानेवारीत आपल्याकडे प्रवासी भारतीय दिवस झाला होता, ८ ते १० तारीख, ब्रिलियंट कन्व्हेन्शन सेंटरला. पंतप्रधान आले त्या दिवशी परदेशातून आलेले कित्येक पाहुणेच बाहेर राहिले आणि मुख्यमंत्र्यांना स्टेजवरून जागा कमी पडली म्हणून माफी मागावी लागली, आठवत असेल. म्हणजे सरकारलाही जागा पुरत नाही आणि आमच्या मंडळालाही. माझं मत सरळ आहे, इंदूरला १० हजार माणसं मावतील असं एक इनडोअर हवं, खेळ, नाटक, प्रदर्शन, संमेलन सगळं तिथेच. तुम्हाला काय वाटतं? आणि नोव्हेंबरासाठी कुणाला जागा माहीत असेल तर कृपया सांगा, अध्यक्षांचे फोन येऊन राहिलेत.

---

पोहे_जिलेबी | शनिवार, रात्री ११:५२

पहिला!
१० हजार माणसं आत मावतील, पण त्यांच्या ८ हजार गाड्या कुठे मावणार? हलकं घ्या.

---

सुपर_कॉरिडॉर | रविवार, सकाळी ७:१०

दादा, १०० टक्के सहमत. सलग इतकी वर्षं स्वच्छतेत पहिले आलो, मेट्रो आली, आयटी कंपन्या आल्या, आणि मोठी कॉन्फरन्स म्हटलं की लोक हैदराबाद नाहीतर दिल्ली धरतात. एक कॉन्फरन्स म्हणजे हॉटेलं भरतात, टॅक्सीवाला, फुलवाला, हलवाई, छपाईवाला सगळ्यांचं चालतं. हॉल स्वतः तोट्यात गेला तरी शहर फायद्यात राहतं. लोक नुसता हॉलचा हिशेब करतात आणि चुकतात.

---

शटलची_आई | रविवार, सकाळी ९:२५

दादा, ते 'एकाच छताखाली' वाचून अंगावर काटा आला, का ते सांगते.

माझी मुलगी १३ वर्षांची, बॅडमिंटन खेळते. दोन वर्षांपूर्वी माळव्यातल्याच एका दुसऱ्या गावात स्पर्धा होती, गावाचं आणि हॉलचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं चांगली होती बिचारी. 'बहुउद्देशीय इनडोअर' अशी मोठी पाटी. आम्ही सकाळी साडेसहाला पोचलो तर दारात कालच्या रिसेप्शनच्या झेंडूच्या माळा आणि आत दोन माणसं खुर्च्या एकावर एक रचत होती. रचत कसली, ओढत होती. लाकडी फ्लोअरवर खुर्चीच्या पायांचे पांढरे ओरखडे, दारापासून पार स्टेजपर्यंत. त्यावर घाईघाईने हिरव्या मॅट अंथरल्या. मुलगी वॉर्मअपला उतरली आणि दर पावलाला चर्रर चर्रर आवाज. मला वाटलं नवे बूट आहेत म्हणून. खाली वाकून हात लावला तर चिकट! गुलाबजामचा पाक. नेट आणि मागची रेघ यांच्या बरोबर मध्ये, जिथून पोरं सगळ्यात जोरात पाय उचलतात तिथे. मग आम्ही चार आया गुडघ्यावर बसून, चहावाल्याकडून गरम पाणी आणून, ओढणीने पुसत होतो (हो, ओढणीने, फडकं नव्हतं). मॅटच्या जोडातून मी स्वतः तीन टूथपिक काढल्या.

बरं, ते निस्तरलं. दहा वाजता गॅलरीत गर्मी व्हायला लागली, लोक ओरडले, तर संयोजकांनी भिंतीकडचे मोठे कूलर चालू केले. शटल असतं जेमतेम ५ ग्रॅमचं. एका बाजूने मारलं की मागच्या रेघेच्या बाहेर, दुसऱ्या बाजूने तसंच मारलं की अर्ध्या कोर्टात. बाजू बदलली की पॉइंटांची बाजू बदलायची, पोरींचा खेळ बाजूलाच राहिला. वर छताला झुंबर, मोठ्या स्पर्धांना कोर्टाच्या वर १२ मीटर मोकळे लागतात, इथे उंच लॉब झुंबराला लागून दोनदा 'लेट' झाला.

खेळाला हॉल लागतो तो रिकामा, बंद, वारा नसलेला, आणि फरशीवर पाक नसलेला. लग्नाच्या हॉलला नेमकं याच्या उलट लागतं. इतकंच.

---

पोहे_जिलेबी | रविवार, सकाळी ९:४१

ताई, हसू की रडू कळेना. झुंबराला शटल लागलं तर पॉइंट वधूपक्षाला द्यायचा नियम आहे.

---

तिसरी_घंटा | रविवार, दुपारी १:०५

शटलच्या आईंनी खेळाचं सांगितलं, मी नाटकाचं सांगतो. मी बॅकस्टेजचा माणूस, वीस एक वर्षं पडदे ओढतोय, हौशी मंडळींचं.

एकदा आम्हाला नाट्यगृह मिळेना म्हणून एका इनडोअर हॉलमध्ये प्रयोग लावला, कुठल्या ते विचारू नका, बाहेरगावी होता. पत्र्याचं गोल छत, जमीन सपाट. पहिल्या तीन रांगांना नाटक दिसलं, बाकीच्यांना पुढच्याची टाळू. विनोदी नाटक होतं. वाक्य म्हटलं की ते मागच्या भिंतीवर जाऊन परत येई आणि पुढच्या वाक्यात मिसळे. आमचा नट हुशार, त्याने दुसऱ्या अंकात प्रत्येक वाक्यानंतर थांबायला सुरुवात केली. नाटक अडीच तासांचं, सव्वातीन तास चाललं. शेवटी श्रावणाची सर आली आणि पत्र्यावर असा ताशा वाजला की क्लायमॅक्स आम्ही मूकाभिनयात केला.

नाटकाला काय लागतं ते लोकांना माहीतच नसतं हो. वर फ्लाय लागतो (सेट आणि पडदे वर ओढून ठेवायची जागा), विंगा लागतात, ग्रीन रूम स्टेजला लागून लागते, हॉलच्या टोकाला नाही, आणि प्रेक्षक उतारावर बसावा लागतो. आपल्याकडे नाटकं आणणाऱ्या सानंद संस्थेचं बघा, पाच गट आहेत सभासदांचे, एकेका नाटकाचे शनिवार-रविवार मिळून पाच प्रयोग. मुंबई-पुण्याहून कंपनी येते, एकदा सेट लागला की लागला. तो सेट रात्री उतरवून सकाळी कबड्डीच्या मॅट घाला म्हटलं तर कोण येईल?

---

निवृत्त_ओव्हरसियर | रविवार, सायंकाळी ५:३०

तिसरी_घंटा यांना आलेल्या अनुभवामागचं कारण लिहितो. आयुष्य बांधकामात गेलं, त्यामुळे थोडं लांबेल.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समजा हॉल ४० मीटर लांब. पहिल्या रांगेतल्या माणसाला नटाचा आवाज लगेच येतो आणि तोच आवाज मागच्या कठीण भिंतीवरून ८० मीटरची फेरी मारून पुन्हा येतो, म्हणजे पाव सेकंदाच्या जरा आत. तेवढ्यात नटाने पुढचं अक्षर उच्चारलेलं असतं. झाली खिचडी.

दुसरं म्हणजे आवाज हॉलमध्ये किती वेळ घुमत राहतो. याचा सॅबाइनचा जुना हिशेब आहे, ०.१६ गुणिले हॉलचं घनफळ, भागिले आवाज शोषणारं क्षेत्रफळ. ४० बाय २५ मीटरचा, १२ मीटर उंच हॉल धरा, उंची शटलच्या आईंना हवी तेवढीच धरली आहे. घनफळ १२ हजार घनमीटर. पत्रा, काँक्रीट, पॉलिश केलेलं लाकूड, हे सगळं मिळून ४०० चौरस मीटरएवढं शोषत असेल असं धरलं तर घुमण्याचा काळ ४.८ सेकंद. हजार माणसं येऊन बसली, माणूस आणि खुर्ची मिळून प्रत्येकी साधारण ०.४५ चौरस मीटर धरलं, तरी तो सव्वादोन सेकंदांच्या खाली येत नाही. नाटकाला हवा एक सेकंदाच्या आसपास. म्हणजे शोषणारं क्षेत्र दुपटीहून जास्त वाढवा, भिंतींना छिद्रांचे पॅनल, छताला लोकर, जाड पडदे. ते होतं, करतात लोक. पण मग त्या पॅनलवर रोज फुटबॉल-बास्केटबॉल आदळणार आणि चार वर्षांनी ते लोंबणार, आणि दुरुस्तीचं टेंडर कोण काढणार हा प्रश्न मी ३३ वर्षं ऐकला आहे.

खेळाला जमीन सपाट आणि छत उंच, नाटकाला जमीन उतरती आणि आवाज कोरडा. उपाय आहेत, सरकणारी गॅलरी, खाली येणारं छत. प्रत्येक उपायाला मोटर आहे आणि प्रत्येक मोटरला माणूस लागतो.

---

रामबागवाला | रविवार, रात्री ८:१५

काका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून अध्यक्षांना देतो. मला वाटलं होतं दोन ओळींत 'अमुक हॉल बघा' असं कुणीतरी सांगेल, तुम्ही लोकांनी माझ्या धाग्याची शाळाच केली. पण परदेशात तर एकाच ठिकाणी सगळं करतात ना? टीव्हीवर दिसतं, आज आइस हॉकी, उद्या कॉन्सर्ट.

---

मिशिगनचा_माळवी | सोमवार, पहाटे ४:५०

मी परदेशात, राहवेना म्हणून लिहितो. मूळ आमचं घर जेल रोडला, आता मिशिगनमध्ये १८ वर्षं.

आमच्या जवळ ग्रँड रॅपिड्स म्हणून गाव आहे. हद्दीतली वस्ती २ लाखांच्या आसपास, आजूबाजूचं धरलं तर १० लाखांवर. तिथे नदीकाठी डेव्होस प्लेस म्हणून कन्व्हेन्शन सेंटर आणि काही मिनिटांच्या अंतरावर व्हॅन अँडेल अरीना, १९९६ ला सुरू झालेला, १२ हजारांच्या घरात माणसं बसतात. ही दोन्ही नावं ॲमवेच्या दोन संस्थापकांची. हो, तेच ॲमवे, ज्याच्या मीटिंगला शेजारचे काका आपल्याला 'चल एका कामाला' म्हणून न्यायचे. २०१७ चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन याच गावात झालं, मी जेवणाच्या टीममध्ये स्वयंसेवक होतो.

आता दादांचा प्रश्न, एकाच ठिकाणी सगळं करतात का. नीट बघितलं तर नाही करत. अरीना वेगळा. कन्व्हेन्शन सेंटर वेगळं. आणि त्या सेंटरच्या इमारतीत सुमारे २,४०० खुर्च्यांचं नाट्यगृह, तेही वेगळं, उतरत्या जमिनीचं, स्वतःच्या विंगांचं. प्रदर्शनाचा सपाट हॉल आणखी वेगळा. या सगळ्यांना आणि हॉटेलला जोडणारा काचेचा बंद पूल आहे, रस्त्याच्या वरून जाणारा. जानेवारीत बाहेर उणे १० असतं तेव्हा त्या पुलाची किंमत कळते. तर एकच छत नाही, शेजारी शेजारी चार छतं, आणि मध्ये वाट.

अरीनात मात्र रोज बदल होतो, ते बघण्यासारखं असतं. तिथे ग्रिफिन्स नावाची हॉकीची टीम खेळते. बर्फ म्हणजे काही फूटभर लादी नसते, जेमतेम इंच-दीड इंचाचा थर. खाली काँक्रीटमध्ये नळ्या आणि त्यातून शून्याखाली थंड केलेलं द्रव फिरत राहतं. सीझन चालू असताना बर्फ वितळवतच नाहीत. कॉन्सर्ट असेल तर त्याच्यावर इन्सुलेशनच्या फळ्या टाकतात, बास्केटबॉल असेल तर त्या फळ्यांवर मेपलच्या लाकडाचे तुकडे एकात एक बसवत जातात, ४ बाय ८ फुटांचे, प्रत्येकावर नंबर. मी एकदा हॉकीच्या मॅचनंतर मुलाचं विसरलेलं जॅकेट आणायला परत आत गेलो होतो, तर लोक बाहेर पडायच्या आत एक टोळी काम करत होती, कुणी काही बोलत नव्हतं, फोर्कलिफ्ट मागे घेताना पीं-पीं आणि फळी बसल्याचा ठक्क. खुर्च्या ओढत नव्हतं कुणी. त्या टोळीचा पगार कोण देतं? हॉकीची टीम वर्षाला पस्तीस-छत्तीस मॅचेस घरी खेळते, म्हणजे तेवढ्या तारखा आधीच विकलेल्या. अरीनाला आधी भाडेकरू लागतो, मग छत.

इंदूरला तो भाडेकरू कोण? हे कुणी सांगितलं तर मी अरीनाच्या बाजूने. (पोह्यांवर जीरावन मिळेना म्हणून इथे लाल तिखट टाकून खातोय, ते वेगळंच दुःख.)

---

सुपर_कॉरिडॉर | सोमवार, सकाळी ८:३०

भाडेकरू आधी आणि छत मग असं म्हटलं असतं तर अभय प्रशाल तरी झालं असतं का? एकेकाळी रेस कोर्स रोडवर हे उभं करायचं म्हटल्यावर लोक हसलेच असतील. अभय छजलानी वर्तमानपत्राचे संपादक, पण टेबल टेनिसचा ध्यास घेतला आणि शहराला एक इनडोअर मिळालं, राष्ट्रीय स्पर्धा झाल्या तिथे. छत होतं म्हणून खेळाडू आले.

---

शटलची_आई | सोमवार, सकाळी ८:५८

भाऊ, तुम्ही माझीच बाजू मांडलीत! अभय प्रशाल एका खेळाचा ध्यास घेतलेल्या माणसांनी उभं केलं. टेबल टेनिसच्या एका टेबलाला मोठ्या स्पर्धेत १४ बाय ७ मीटर जागा लागते, प्रकाश किती, फरशीचा रंग कसा, चेंडू दिसला पाहिजे, हे ज्याला माहीत त्याने बांधलं की बांधकाम वेगळंच होतं. आधी 'बहुउद्देशीय' पाटी रंगवली आणि मग उद्देश शोधायला निघाले, असं नाही झालं.

---

सुपर_कॉरिडॉर | सोमवार, सकाळी ९:०६

हा मुद्दा मान्य. पण कन्व्हेन्शन सेंटर हवंच, यावर मी ठाम. खेळ वेगळा काढा हवं तर.

---

कोल्हापुरी_सून | सोमवार, दुपारी ३:२०

धागा वाचतेय कालपासून. माहेर कोल्हापूर, सासर सुदामा नगर, म्हणून नाव तसं.

मिशिगनच्या भाऊंनी शेजारी शेजारी छतं म्हटलं तेव्हा मला आमचं खासबागच आठवलं. शाहू महाराजांनी कुस्तीचं मैदान बांधलं १९१२ ला आणि त्याला लागून पॅलेस थिएटर, १९१५ ला, म्हणजे आताचं केशवराव भोसले नाट्यगृह. एका अंगाला लाल माती, दुसऱ्या अंगाला नाटक. महाराजांना पैलवानही प्रिय आणि संगीत नाटकही, पण दोघांना एका खोलीत नाही कोंबलं. मैदान असं खोलगट की कुठेही बसा, कुस्ती दिसते. माझे आजोबा सांगायचे, मातीत तेल, ताक, हळद पडते म्हणून. असल्या जागेवर तुम्ही सोफा टाकून सत्कार करणार का?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी इथे स्वयंपाकघरात उभी राहून मोबाइलवर ज्वाळा बघत होते, भाजी करपली तरी कळलं नाही. माझं पहिलं गॅदरिंग त्या स्टेजवर झालेलं. असो, विषयांतर झालं.

---

निवृत्त_ओव्हरसियर | सोमवार, सायंकाळी ६:०२

विषयांतर नाही, ताई. हॉल निवडताना लोक एसी बघतात, झुंबर बघतात. रामबागवाले, तुम्ही जाल तिथे आधी बाहेर पडायची दारं मोजा. आणि ती उघडून बघा. कुलूप असेल तर ते दार नाही, भिंत आहे. दार बाहेरच्या बाजूला उघडतंय ना ते बघा. १९९७ ला दिल्लीत उपहार सिनेमाला आग लागली, ५९ माणसं गेली, बहुतेक धुराने. तिथे जादा खुर्च्या टाकून जाण्यायेण्याची वाट बंद केलेली होती. आपल्या कार्यक्रमात गर्दी झाली की आपण काय करतो? 'दोन रांगा अजून टाका मध्ये.' मीही टाकल्या आहेत पूर्वी. आता टाकू देत नाही, भांडण झालं तरी.

---

मांडववाले_भाऊ | सोमवार, रात्री १०:४५

नमस्कार. मी टेंट हाउसवाला, पंचवीस वर्षांपासून. इथे सगळे हॉल आतून बघून राहिलेत, मी मागून सांगतो. मागचं गेट.

आर्किटेक्ट पुढचं दार असं बनवतो की नवरदेव हत्तीवरून आत येईल. आणि मागचं गेट असं की माझा छोटा हत्तीही अडकतो. एका नव्या सेंटरला मी सामान घेऊन गेलो, नाव नाही घेत, धंदा आहे. गेटच्या वर सजावटीची कमान, उंची साडेनऊ फूट. नाटकवाल्यांचा ट्रक बाहेर, सेट डोक्यावरून आत, दोनशे पावलं, त्यात तीन पायऱ्या. पायऱ्या कशाला तर सुंदर दिसतात म्हणून. रॅम्प होता, पण त्यावर कुंड्या. मग रात्री एक वाजता माझी पोरं आणि नाटकवाली पोरं मिळून लोखंडी फ्रेम वाहून राहिली आणि वॉचमन सांगून राहिला की फरशीला ओरखडा आला तर डिपॉझिट कापणार.

वीज विचारा. थ्री फेज स्टेजपर्यंत आणलीय का, की मीटरपासून मलाच केबल ओढायचीय. लाइटवाल्याला विचारा की वर किती वजन टांगता येतं. कुणाला माहीतच नसतं, 'लटकाओ ना, कुछ नहीं होता' म्हणतात. मी नाही लटकवत.

आणि शटलवाल्या ताई, तुमचं बरोबर आहे, खुर्च्या ओढायला नकोत. पण हॉलवाला रात्री १२ ला लाइट बंद करतो आणि सकाळी ६ ला दुसऱ्याला देतो. सहा तासांत ८०० खुर्च्या चार पोरांनी उचलायच्या की ओढायच्या, तुम्हीच सांगा. मधे एक दिवस रिकामा सोडा म्हटलं की त्याचं भाडं कोणी देत नाही.

---

शटलची_आई | सोमवार, रात्री ११:०१

भाऊ, हे मला खरंच सुचलं नव्हतं. त्या पोरांवर मी तेव्हा खूप ओरडले होते. रात्रभराची जागी असतील बिचारी.

---

प्रशासक | मंगळवार, सकाळी १०:००

मधले सात प्रतिसाद उडवले आहेत. कुठल्या पक्षाने किती उद्घाटनं केली यासाठी वेगळा धागा काढा, तो आम्ही वेगळा उडवू.

---

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी १२:१५

थोडक्यात. हॉलचा खर्च ३६५ दिवसांचा असतो, कमाई मुहूर्तांची. वॉचमन, वीज, लिफ्टचं कंत्राट, अग्निशमनाची देखभाल, हे चातुर्मास पाळत नाहीत. म्हणून हॉलवाले देवउठनी एकादशीनंतर तुम्हाला पिळतात, त्यात नवल नाही. भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, तो धरलाय का बजेटात? बहुतेक मंडळं विसरतात आणि मग मला फोन करतात.

आता उपयोगाचं. शनिवार-रविवारचा हट्ट सोडा. मंगळवार-बुधवारी, मुहूर्त नसेल तेव्हा, तोच हॉल बऱ्याच ठिकाणी घासाघीस करून पुष्कळ कमी भाड्यात मिळतो.

---

स्नेहलतागंज | मंगळवार, दुपारी ४:४०

मुलांनो, तुम्ही दारं मोजलीत, गेट मोजलं, आवाज मोजला. बायकांचे संडास कुणी मोजले का?

मी ७२ वर्षांची. गांधी हॉल माझ्या लहानपणापासून बघते, १९०४ ची इमारत, तेव्हाचा किंग एडवर्ड हॉल, वर घड्याळ, वडील आम्हाला प्रदर्शनाला न्यायचे. तेव्हापासून आजवर एकही सभागृह असं पाहिलं नाही की मध्यंतरात बायकांची रांग नाही. मध्यंतर १५ मिनिटांचं. पुरुष जाऊन येतात, बटाटेवडा खातात, चहा पितात, आणि आम्ही रांगेत तिसऱ्या घंटेला. दुसऱ्या अंकाची पहिली दहा मिनिटं मी आयुष्यात फारशी पाहिलेलीच नाहीत. आता गुडघे दुखतात, तर कठडा नसलेल्या पायऱ्या अंधारात उतरायच्या म्हणजे देवाचं नाव घ्यावं लागतं. म्हणून हल्ली दुपारपासून पाणी पीत नाही नाटक असलं की.

१० हजार माणसांचं बांधा, माझं काही म्हणणं नाही. त्यात ५ हजार बायका असतील एवढं त्या आर्किटेक्टला सांगा.

---

तिसरी_घंटा | मंगळवार, सायंकाळी ५:१०

काकू, घंटा देणारा मीच असतो. यापुढे बाहेर डोकावून मगच देईन, शब्द.

---

रामबागवाला | गुरुवार, रात्री ९:३०

मंडळी, दोन दिवस गायब होतो, पळापळ चालू होती. आता ऐका.

मंगळवारी रात्री कार्यकारिणीची बैठक घेतली आणि हा धागा मोठ्याने वाचून दाखवला, गुलाबजामच्या पाकापासून काकूंपर्यंत. अध्यक्ष आधी रागावले, मग काकूंच्या प्रतिसादाला त्यांच्या सौभाग्यवती इतक्या जोरात 'अगदी बरोबर' म्हणाल्या की पुढे विषयच संपला. एकच छत रद्द. मॅचेस रविवारी सकाळी एका शाळेच्या बॅडमिंटन हॉलमध्ये, तिथे लग्न लागत नाही, झुंबर नाही, कूलरचे प्लग मी स्वतः काढून खिशात ठेवणार. जेवण आमच्या मंडळाच्या अंगणात, गराडू तळून देणारा आचारी मिळाला आहे. नाटक आणि सत्कार त्यानंतरच्या मंगळवारी संध्याकाळी, नीट उतरत्या जमिनीच्या सभागृहात, ४५० खुर्च्या. गाणं कापलं. गायिकाबाई रुसल्यात, त्यांचं कोजागिरीला बघू. हिशेबनीस, जीएसटी धरूनही बजेटात बसलं, तुम्हाला दोन पास.

१० हजारांच्या अरीनाचं माझं मत... मिशिगनच्या भाऊंचा भाडेकरू सापडला की सांगा. तोवर मला शाळाशाळांतून बंद पडलेले हॉल उघडून दिले तरी चालेल. गेल्या दोन दिवसांत असे तीन बघितले, एकात जुनी बाकं, एकात निवडणुकीच्या पेट्या ठेवायचे लाकडी रॅक, एकात चक्क हेडमास्तरांची स्कूटर.

---

सुपर_कॉरिडॉर | गुरुवार, रात्री ९:४४

अभिनंदन. पण ४५० खुर्च्यांत इंदूरचं भविष्य बसत नाही, दादा. मी माझं मत बदललेलं नाही. कन्व्हेन्शन सेंटर झालं की पहिला पास तुम्हाला.

---

मांडववाले_भाऊ | गुरुवार, रात्री १०:२०

त्या सभागृहाचं मागचं गेट मला माहीत आहे. ११ फूट ४ इंच. मध्यम ट्रक आरामात जातो. कुंड्या मी हलवून देतो.

---

निवृत्त_ओव्हरसियर | गुरुवार, रात्री १०:३५

दारं?

---

रामबागवाला | गुरुवार, रात्री १०:५२

काका, पाच. चार उघडून बघितली, बाहेरच उघडतात. पाचव्याची किल्ली 'शर्माजींकडे' आहे म्हणे आणि शर्माजी उज्जैनला गेलेत. सोमवारी परत जातोय, तोवर अ‍ॅडव्हान्स दिलेला नाही.

---

स्नेहलतागंज | शुक्रवार, सकाळी ६:१५

आणि दुसरं?

---

रामबागवाला | शुक्रवार, सकाळी ७:४०

काकू, सहा आहेत. एकाला कडी नाही. कालच खजुरी बाजारातून पितळेची घेऊन ठेवली, स्क्रू ड्रायव्हर सकट पिशवी गाडीच्या डिकीत आहे.

---

पोहे_जिलेबी | शुक्रवार, सकाळी ७:४३

लावल्यावर फोटो टाका. आतून नको, बाहेरून.